विमलमावशी आणि हवेत जाणारं पेट्रोल

पंपावर पेट्रोल भरताना मी माझी गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवली, टाकीत गळ्यापर्यंत पेट्रोल कोंबलं आणि गाडी बंद पाडली. मग ज्या बाईंच्या पंपावर हा पराक्रम केला, त्यांच्यावरच भर रांगेसमोर भेसळीचा आरोप केला. विमलमावशींची आणि माझी ओळख झाली ती अशी.

हलवण्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर परमुलखातला वाचक मला पुरता खुळा समजेल. अर्धा समजला तरी माझी हरकत नाही. आमच्या वऱ्हाडात काहीही भरायचं म्हणजे ते दाबून भरायचं. कापसाची गाडी भरताना एक जण वर चढून कापूस पायांनी तुडवतो. तुरीचं पोतं भरलं की दोघांनी कान धरून ते जमिनीवर आपटायचं, म्हणजे अजून थोडी तूर मावते. हीच विद्या आम्ही पेट्रोलच्या टाकीला लावली. नळीचा खटका पडून पेट्रोल आपोआप थांबलं की गाडी हलवायची, आतले बुडबुडे काढायचे आणि वरून थेंब थेंब सोडत राहायचं. खटका कशासाठी बसवलाय हा प्रश्न कुणाला पडत नाही. खटका म्हणजे पंपवाल्याची लबाडी, हे आम्हाला जन्मतःच ठाऊक असतं.

मी तेव्हा एका बियाणे कंपनीचा प्रतिनिधी होतो. अकोला, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी अशी माझी रोजची वणवण. आमच्या कपाशीला बोंडअळी लागत नाही, असं पाकिटावर छापलेलं असायचं आणि मीही दुकानादुकानांतून तेच सांगत फिरायचो. अळीला मात्र हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

तर त्या दिवशी टाकी ओसंडेपर्यंत भरून मी तेल्हाऱ्याच्या दिशेने निघालो. थोडं पुढे जातो न जातो तोच गाडी खोकायला लागली, मागून काळा धूर आला, आणि एका पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेताकडेला तिने मान टाकली. मी उन्हातून पायी परत पंपावर आलो आणि मोटरसायकलींच्या रांगेसमोर ओरडलो, "ह्या पंपावर भेसळ आहे! कुणी भरू नका!"

कडुनिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक साठीच्या घरातली बाई बसली होती. नाकावर पदर घट्ट दाबलेला, डोळे तेवढे उघडे. ती उठली नाही. पदराआडून तिने विचारलं, "गाडी हालवली व्हती का?"

"हो."

"कट झाल्यावर बी भरलं?"

"मग? टाकी फुल नको करायला?"

"कलीम," ती म्हणाली, "जाय बाप्पा ह्या साहेबासंगं. डब्बा पाह्यजो."

कलीमभाई म्हणजे तिथले सगळ्यात जुने कामगार. मी आलो तेव्हा तेच नळीवर होते आणि त्यांनी मला दोनदा नको म्हटलंही होतं. त्यांनी मला मोटरसायकलवर मागे बसवून नेलं, बॉनेट उघडलं, एका काळ्या डब्याची नळी ओढून काढली आणि डबा कलता केला. आतून पेट्रोलची धार लागली.

परत आल्यावर विमलमावशींनी मला रांगेतल्या सगळ्या माणसांसमोर शिकवलं. रांग हलली नाही. फुकटचा तमाशा सोडून कोण जातो?

"हे पाह्य. पेट्रोल उघड्यावर आलं का त्याची भाप व्हते. तुह्या गाडीत एक कोळशाचा डब्बा असते. टाकीतली भाप तो पेते, धरून ठेवते, अन् गाडी चालून राहिली का इंजिनले परत देते. कोळसा भाप पेते गा, पेट्रोल नाही. टाकीत वरची थोडी जागा भापेसाठी मोकळी सोडा लागते, म्हून तो खटका. तू तठी बी पेट्रोल भरलं. कोळसा बुडवला तू. आता सांग, भेसळ कोठी हाय? माह्या टाकीत का तुह्या डोक्यात?"

रांग खदखदा हसली. मी नवा डबा बसवून घेतला आणि त्या दिवसापासून त्याच पंपावर भरू लागलो. अपमान झालेल्या जागी पुन्हा पुन्हा जायची मला सवयच आहे, आणि त्याशिवाय प्रतिनिधीची नोकरी होतही नाही. मावशींनी माझं नाव कधी विचारलं नाही. शेवटपर्यंत मी 'बियान्या'च राहिलो.

मावशींचे यजमान फौजेत होते. ते गेल्यावर सरकारने विधवेच्या नावाने हा पंप दिला. दिराने सांगितलं, वहिनी, तुम्ही घरी बसा, सही तेवढी करा. मावशींनी सही केली नाही. घरून खुर्ची उचलली आणि पंपावर आणून ठेवली. "बसाचंच हाय तं घरी कायले बसू? माह्या पंपावर बसतो," असं म्हणाल्या आणि बसल्या त्या बसल्याच. तेल कंपनीच्या प्रशिक्षणाला गेल्या तेव्हा सगळ्या वर्गात बाई ही एकटीच. "बाकीचे मानसं डुलक्या घेत व्हते. मले झोप येत नव्हती, कावून का मी भेत व्हती. भेलेल्या मानसाले सारं आयकू येते."

वाफेशी त्यांचं भांडण सुरू झालं ते चिक्कूपणातून. त्या स्वतःच तसं सांगायच्या. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला तो उन्हाळा, डांबर पायाला चिकटतं असा. अशा उन्हात टाकीचं झाकण उघडलं की तोंडावरची हवा थरथरताना दिसते. मावशी तिकडे बोट दाखवून म्हणायच्या, "पाह्य, पाह्य, चालली. हे भाप म्हंजे माह्या पेट्रोलची पोरगी हाय. बापाले न सांगता पयते." टँकर रिकामा होत असताना त्या जातीने उभ्या राहत आणि ड्रायव्हरला झाकण उघडं टाकू देत नसत. ड्रायव्हर वैतागून म्हणायचा, "मावशी, हवेत जातं तेवढं जाऊ द्या की." यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "हवेत जाते मंजे कोठी जाते? हवा काय डब्ब्यात भरून ठेवली हाय? ते कोनाच्या तरी नाकात जाते."

हे वाक्य त्या आधी नुसतं भांडणात फेकायच्या. त्याचा अर्थ त्यांना स्वतःला कळला तो कलीमभाईंमुळे.

कलीमभाई अकोल्याच्या 'जुने शहर' भागातले. पंप सुरू झाला त्या दिवसापासून नळी त्यांच्या हातात. मावशींशी वऱ्हाडीत बोलायचे, आणि रागावले किंवा भावुक झाले की त्यांच्या हिंदीत शिरायचे. दोघांचं दिवसभर चालायचं.

"कलीम, नळीत तोंड कायले खुपसतं बे? पेट्रोल पेतं का?"

"बाई, दिसत नाही मले. चष्मा घेऊन द्या."

"चष्मा घेतला का मनशीन, बाई, घोडा घेऊन द्या."

"घोडा नको. घोड्याले पेट्रोल लागत नाही, तुमचाच धंदा बुडीन."

एकदा माझ्या गाडीत पेट्रोल भरताना ते थोडं सांडलं. मी नाक मुरडून बाजूला झालो. कलीमभाई हसले. "साहब को बास आती है. बाई, अपने को तो अब आतीच नई. गुलाबपानी समझो."

मी हसलो, मावशी हसल्या नाहीत. "काय मनलं? वास येत नाही?"

"कितीक दिवस झाले, बाई."

"अन् मले सांगतलं नाही?"

"कायको सांगू? बास नई आती ये कोई बीमारी है क्या? नेमत है."

मावशींनी त्याच आठवड्यात त्यांना अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वास तर गेलेलाच होता. शिवाय चढावर दम लागायचा, अंगावर कुठेही निळे डाग उठायचे, दात घासताना रक्त यायचं. हे सगळं त्यांनी घरी आणि पंपावर लपवलेलं. तपासणीत रक्त फार कमी भरलं. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? कलीमभाईंनी सांगितलं, नोकरी. डॉक्टरांनी 'नोकरी' लिहिलं. मावशी मध्ये पडल्या, "पेट्रोल भरते तो, पेट्रोल लिहा." डॉक्टर म्हणाले, पेट्रोलच्या वाफेने रक्त बिघडू शकतं, पण यांचं त्यानेच बिघडलं असं मला सांगता येणार नाही. मावशी बाहेर येऊन म्हणाल्या, "त्याले सांगता येत नाही. मले येते."

त्यानंतर मावशींना एकच गोष्ट हवी होती. कलीमभाईंच्या नाकापासून ती वाफ दूर न्यायची. मोठ्या शहरांत एक वेगळी नळी आलेली त्यांनी ऐकली होती. तिच्या तोंडाला रबरी सोंड असते. पेट्रोल भरताना टाकीतून निघणारी वाफ ती ओढून घेते आणि पुन्हा जमिनीखालच्या टाकीत सोडते. मावशींनी ती मागितली. कंपनीचा अधिकारी थंडगार गाडीतून आला, कडुनिंबाखाली बसला, चहा प्याला आणि फार गोड बोलला.

"मावशी, ती नळी मोठ्या शहरांत, जास्त खपाच्या पंपांना असते. तुमचा खप किती?"

"खप कोठून वाढीन? लोक पायी फिरून राह्यले. पऱ्हाटी तं अळीनं खाल्ली." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात पाहिलं.

"आणि खरं सांगू का," अधिकारी म्हणाला, "पुढे तिची गरजच राहणार नाही. बाहेरच्या देशांत गाडीतच मोठा कोळशाचा डबा बसवतात. पेट्रोल भरतानाची सगळी वाफ गाडीच गिळते, बाहेर येतच नाही. आपल्या गाड्यांमधला डबा लहान. उभ्या गाडीतली वाफ तेवढी तो सांभाळतो, भरतानाची तोंडातून बाहेर पडते. पण येतील, आपल्याकडेही तशा गाड्या येतील."

"येतीन तवा येतीन," मावशी म्हणाल्या. "तवर कोन गिळीन? कलीम?"

अधिकाऱ्याने कप खाली ठेवला आणि घड्याळ पाहिलं.

अशा वेळी आपण काहीतरी केलं पाहिजे असं मला वाटतं, आणि तिथेच घात होतो. मागल्या हंगामात आमच्या भागात औषध फवारताना बरीच माणसं दवाखान्यात गेली होती, काही परत आली नव्हती. तेव्हा आमच्या कंपनीने गावोगाव तोंडाला बांधायचे कापडी मास्क वाटले, वाटतानाचे फोटो काढले. उरलेल्या मास्कांचा एक खोका माझ्या डिकीत पडून होता. तो मी मोठ्या ऐटीत मावशींच्या पुढ्यात ठेवला. "घ्या मावशी, तुमचा प्रश्न मिटला."

मावशींनी एक मास्क काढला. पदराखालून तो नाकावर धरला, पेट्रोलचं फडकं जवळ आणून श्वास घेतला.

"वास येते," त्या म्हणाल्या. मग मास्क उलटासुलटा करून पाहिला. "हे धूळ अडवते गा. भाप नाही अडवत." आणि खोक्याकडे पाहून, "तुह्या कंपनीनं फवारनीवाल्याइले हेच वाटले का?"

मी म्हणालो, "त्यांनी निदान वाटले तरी."

आयुष्यात मी पुष्कळ वाक्यं चुकीच्या ठिकाणी बोललो आहे. हे वाक्य कुठल्याही ठिकाणी चुकीचंच ठरलं असतं. मावशींनी मास्क घडी करून खोक्यात ठेवला आणि खोका माझ्या डिकीत परत ठेवायला स्वतः आल्या.

शेवटी त्यांनी आपल्या हातात होतं तेवढं केलं. कलीमभाईंना नळीवरून काढून चाकांत हवा भरायच्या यंत्रावर बसवलं. कलीमभाईंना तो अपमान वाटला. "इतने साल पेट्रोल भरा, अब हवा भरने को बिठा दिया," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. नळी मावशींनी स्वतः धरली. आणि उन्हाळ्यात, भर दुपारी, पेट्रोलच्या यंत्राला दोरी बांधायला सुरुवात केली. डिझेल चालू, कारण त्याची वाफ फारशी होत नाही. पेट्रोल चार वाजल्यानंतर. कंपनीने तोंडी दम दिला, गिऱ्हाइकांनी शिव्या दिल्या. दोरी सुटली नाही.

अशाच एका दुपारी मी दोरी सुटायची वाट पाहत कडुनिंबाखाली बसलो होतो, तेव्हा गाड्यांचा ताफा आला. पलीकडच्या एका गावात कुणीतरी जीव दिला होता आणि एक मोठे साहेब त्या घरी सांत्वनाला निघाले होते. बाकी गाड्या डिझेलच्या, त्या भरल्या. साहेबांची स्वतःची गाडी पेट्रोलची निघाली.

साहेबांचा स्वीय सहायक उतरला. "ओ बाई, ती दोरी काढा."

"चार वाजता."

"गाडीत कोण बसलंय माहीत आहे का?"

"कोनी बसो. ह्या उन्हात झाकन खोललं का भाप निंघते. माह्या मानसाले ते चालत नाही."

सहायकाचा चेहरा असा झाला की आता इथे दंगल होणार. तेवढ्यात साहेबांचा ड्रायव्हर खाली उतरला. साधा, पोक्त माणूस. तो म्हणाला, "मावशी, या गाडीची वाफ बाहेर येत नाही. बाहेरदेशातून आणलेली आहे. भरताना वाफ आत गिळते ती."

मावशी उभ्या राहिल्या. "खरं सांगून राह्यला का?"

"तुम्हीच पाहा ना."

मावशींनी स्वतः दोरी सोडली. नळी टाकीत घातली, भरायला सुरुवात केली, आणि नाकावरचा पदर खाली घेतला. इतक्या वर्षांत पंपावर मी त्यांचं नाक पहिल्यांदा पाहिलं. त्या टाकीच्या तोंडाशी वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या. मला वाटलं, भोवळ आली.

"नाही येत," त्या म्हणाल्या. "बियान्या, अठी ये. नाक लाव."

मी नाक लावलं. गरम रबराचा वास आला, गाडीच्या आतल्या अत्तराचा आला. पेट्रोलचा जवळपास नव्हताच. टाकीच्या तोंडावरची हवा थरथरतही नव्हती.

"कलीम! अबे कलीम! इकडे ये, लवकर!"

कलीमभाई हवेच्या यंत्रापासून हात पुसत आले. मावशींनी त्यांचा दंड धरून त्यांना वाकवलं. "घे वास. घे."

कलीमभाईंनी बराच वेळ वास घेतला. मग सरळ झाले. "नई आती, बाई."

"पाह्य! मी काय मनत व्हती? असं व्हते! असं करता येते!" बारशाला पेढे वाटणाऱ्या बाईचा आनंद त्यांच्या तोंडावर होता.

"बाई," कलीमभाई हळूच म्हणाले, "मेरे को तो कोनसीच गाडी की नई आती."

नळीचा खटका पडला. मावशींनी नळी जागेवर टांगली, पदर नाकावर घेतला आणि सरळ मागच्या खिडकीशी जाऊन काचेवर टकटक केलं. काच चार बोटं खाली आली.

"साहेब, तुमची गाडी भाप गिळते. लय चांगली हाय. तसीच भाप ओढनारी नळी माह्या पंपाले पायजे. कंपनी मनते, खप कमी हाय. माह्या मानसाचं रक्त आटून राह्यलं."

साहेबांनी हात जोडले. "नक्की बघू, ताई. शेतकऱ्यांच्या प्रश्नावर आम्ही गंभीर आहोत."

"मी शेतकरी नाही. पंपवाली हाय."

"तेच ते," साहेब म्हणाले.

इकडे मागच्या बाजूला सहायकाला टाकी फुल हवी होती. त्याने टांगलेली नळी स्वतः उचलली, टाकीत खुपसली आणि दोन शिपायांना हुकूम सोडला, "हलवा रे." तेही आमच्याकडचेच गडी, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांनी ती लाखमोलाची गाडी अशी हलवली की आत साहेब जोडलेल्या हातांनी डावीकडून उजवीकडे झुलू लागले. मी धावलो. "अहो नका, नका! कोळसा बुडेल! मी हे केलेलं आहे!"

सहायकाने माझ्याकडे पाहिलं. "मग तुमची झाली होती ना फुल?"

"झाली होती," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

"मग?"

वाफ गिळणारी ती गाडी गाव यायच्या आधीच बंद पडली. साहेब दुसऱ्या गाडीत बसून पुढे गेले, सांत्वन करून आले. दुसऱ्या दिवशी सरकारी माणसं आली. भेसळीचा संशय. नमुने घेतले, यंत्रांना सील ठोकलं.

मी उठलो आणि अकोल्याला तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो. मी डोळ्यांनी पाहिलंय, मी साक्षीदार आहे, गाडी हलवून भरली म्हणून बंद पडली, माझीही याच पंपावर अशीच पडली होती, असं सगळं छातीठोकपणे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमची गाडी बंद पडली तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता?"

"तेव्हा मी भेसळ आहे म्हणालो होतो, पण..."

"म्हणजे या पंपाविरुद्ध आधीही तक्रार झालेली आहे," तो म्हणाला आणि लिहू लागला.

नमुने शेवटी शुद्ध निघाले. पण ते निघेपर्यंत पावसाळा येऊन गेला होता आणि यंत्रांना गंज चढला होता. पंप बंद, म्हणजे हवाही बंद. कलीमभाईंच्या घरी खाणारी तोंडं होती. त्यांनी अकोल्यात महामार्गावरच्या एका मोठ्या पंपावर काम धरलं, आणि काम मिळालं ते नळीवरचं. मी एकदा त्यांना तिथे भेटलो. तोंडावर सूज होती. गंमत म्हणजे त्या पंपावर सोंडवाली नळी होती. मावशींनी मागितली होती, अगदी तीच. पण सोंड टाकीला नीट दाबून धरली तर भरायला वेळ लागतो, रांग वाढते, म्हणून मॅनेजरने ती मागे सरकवून तारेने बांधून टाकली होती. कलीमभाई माझ्या टाकीवर वाकत म्हणाले, "बाई को मत बताना."

मी सांगितलं नाही. पुढच्या ईदला ते नव्हते.

जुने शहरातल्या त्यांच्या गल्लीत मावशी आल्या, बायकांमध्ये बसल्या. निघताना कलीमभाईंची बायको म्हणाली, "बाई, आपने तो हटा दिया था ना उनको वहाँ से." मावशींनी चपला पायात सरकवल्या. मोर्णा नदीच्या पुलापर्यंत त्या माझ्यासोबत चालत आल्या. मध्येच म्हणाल्या, "त्या डब्ब्यातल्या कोळशाचं बरं असते. त्यानं पेलेली भाप इंजिन वढून घेते, कोळसा मोकळा व्हते. मानसाची कोन वढून घेते?"

पंप त्यांनी कंपनीला परत करून टाकला. दिराने फार आरडाओरडा केला, तोही ऐकून घेतला. मग अमरावतीला लेकीकडे राहायला गेल्या. आता त्या नाहीत. जायच्या थोड्या आधी मी त्यांना भेटायला गेलो होतो. लेकीच्या घराच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. नाक उघडं होतं, त्यामुळे मला क्षणभर ओळखू आल्या नाहीत. खाली रस्त्यावर एक भला मोठा फलक लागला होता, त्यावर एका नव्या गाडीचं चित्र.

मी म्हणालो, "मावशी, आता आपल्याकडेही वाफ गिळणाऱ्या गाड्या येणार म्हणतात."

"येऊ दे," त्या म्हणाल्या. खूप दिवसांनी त्यांनी मला चहा केला. माझं कसं चाललंय विचारलं. बियाणे कंपनीची नोकरी सुटल्याचं मी सांगितलं. आता थोडंफार लिहितो, वर्तमानपत्रात छापून येतं, असंही सांगितलं. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही, म्हणून मी जरा पुढे सरकलो.

"मावशी, तुमच्यावर लिहिणार आहे मी. कलीमभाईंवरही. सगळं खरं खरं लिहितो. लोकांना कळलं पाहिजे."

मावशींनी माझ्याकडे निरखून पाहिलं. कप उचलला, उरलेला चहा गॅलरीतल्या तुळशीच्या बाजूला ओतला.

"लिह ना बाप्पा," त्या म्हणाल्या. "लोक वाचतीन. तुह्या बियान्याच्या पाकिटावरचं बी वाचलंच व्हतं त्याइनं."